अस्थिमज्जेतील मेद आणि अस्थिसुषिरता : एका कल्पनेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

उतारवयात हाडे झिजतात आणि लहानशा आघातानेही मोडतात, हा अनुभव पुरातन आहे. न्हाणीघरात पाय घसरून पडलेली वृद्ध स्त्री मांडीच्या हाडाच्या मानेपाशी झालेल्या अस्थिभंगाने अंथरुणाला खिळते आणि पुष्कळदा त्यातून पुन्हा उठत नाही, हे दृश्य कोणत्याही वैद्याला अपरिचित नाही. अशा हाडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता दोन गोष्टी नजरेस येतात. एक म्हणजे जाळीदार हाडाच्या पट्ट्या विरळ व बारीक झालेल्या असतात; आणि दुसरी म्हणजे त्या पट्ट्यांमधील पोकळीत मेदपेशींची दाटी झालेली असते. यांपैकी पहिल्या गोष्टीला अस्थिसुषिरता हे नाव मिळाले, तिची मोजमापे ठरली, तिच्यावर औषधे निघाली. दुसरी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही सुमारे शंभर वर्षे तिच्याकडे स्वतंत्र प्रश्न म्हणून फारसे कोणी पाहिले नाही.

मज्जेतील हा मेद कोठून येतो, आणि हाडाच्या झिजेशी त्याचा संबंध कोणता, या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत क्रमाने तीन उत्तरे मिळाली. मेद म्हणजे रिकाम्या जागेतील निव्वळ भर, हे पहिले उत्तर. मेद आणि हाड ही एकाच मूलपेशीची दोन अपत्ये असून एकाची वाढ म्हणजे दुसऱ्याची घट, हे दुसरे. तिसरे उत्तर अद्याप पूर्ण झालेले नाही. परंतु दुसरे उत्तर वाटले होते तितके सरळ नाही, एवढे त्याने निश्चित दाखविले आहे. या तिन्ही उत्तरांचा मागोवा घेताना एक मुद्दा विशेषेकरून लक्षात ठेवणे इष्ट आहे. दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांत अंतर असते. ते अंतर संशोधकांनी केव्हा ओळखले आणि केव्हा दृष्टिआड होऊ दिले, हाच या इतिहासाचा गाभा होय.

२. मेद म्हणजे भर

मज्जा आणि मेद यांचे नाते प्राचीनांनाही जाणवले होते. आयुर्वेदाच्या सप्तधातूंच्या क्रमात मेद, अस्थी आणि मज्जा हे तीन धातू एकापाठोपाठ येतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मोठ्या हाडांतील मज्जा आणि इतर हाडांतील रक्तयुक्त मेद असा भेदही केलेला आहे. या निरीक्षणाचा आदर करावा. मात्र त्यात आधुनिक पेशीविज्ञान शोधण्याचा मोह टाळावा. धातूपासून धातू बनतो ही कल्पना आणि पेशीपासून पेशी बनते ही कल्पना या दोन वेगवेगळ्या विचारपद्धतींतून जन्मलेल्या आहेत.

आधुनिक इतिहासाचा आरंभ १८६८ या वर्षापासून धरता येतो. त्या वर्षी प्रशियातील क्योनिग्जबेर्ग येथे अर्न्स्ट नॉयमन याने आणि इटलीतील पाव्हिया येथे ज्यूलिओ बिझोझेरो याने, एकमेकांवर अवलंबून न राहता, रक्तपेशी अस्थिमज्जेत निर्माण होतात असे प्रतिपादन केले. तोपर्यंत मज्जा हे हाडाचे पोषणद्रव्य किंवा पोकळीतील निरुपयोगी चरबी मानली जात असे. नॉयमननेच पुढे १८८२ मध्ये आणखी एक नियम मांडला. जन्माच्या वेळी सर्व हाडांतील मज्जा तांबडी म्हणजे रक्तजनक असते. वय वाढते तसतशी हातापायांच्या टोकाकडील हाडांतील मज्जा पिवळी म्हणजे मेदयुक्त होत जाते आणि रक्तनिर्मिती धडाच्या हाडांपुरती मर्यादित राहते. हा नियम आजही ग्राह्य आहे.

परंतु या नियमातूनच एक समजूत नकळत दृढ झाली. रक्त निर्माण करणारी मज्जा ही कार्यक्षम, आणि पिवळी मज्जा ही निवृत्त. जेथे काम संपले तेथे चरबी साचली, असा अर्थ त्यातून काढला गेला. शेत पडीक पडले की त्यात तण माजते, तशीच मेदाची ही कल्पना होती. तण हे पडीकपणाचे लक्षण असते, कारण नसते. म्हणून त्याच्या अभ्यासाची गरज कोणास वाटली नाही.

त्याच काळात हाडाच्या रोगाचा विचार निराळ्या वाटेने चालला होता. स्ट्रासबुर्ग येथील विकृतिशास्त्रज्ञ लोब्श्टाइन याने १८३० च्या सुमारास सच्छिद्र हाडाला अस्थिसुषिरता या अर्थाचे नाव दिले. गुस्टाव्ह पोमर याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने अस्थिसुषिरता आणि अस्थिमार्दव हे दोन रोग वेगळे काढले. अस्थिमार्दवात हाडाचा सांगाडा असतो पण त्यात चुना बसत नाही. अस्थिसुषिरतेत जे हाड आहे ते चांगल्या प्रतीचे असते, पण ते पुरेसे नसते. १९४१ मध्ये बॉस्टन येथील फुलर ऑलब्राइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेचे वर्णन प्रसिद्ध केले. इस्ट्रोजेन या अंतःस्रावाच्या अभावी हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, असे त्याचे मत होते. पुढील संशोधनाने त्यात मोठी भर घातली. इस्ट्रोजेनच्या अभावी हाड पोखरणाऱ्या अस्थिभंजक पेशींचा जोर वाढतो, हे त्या रोगाचे प्रमुख अंग ठरले. मात्र ऑलब्राइटने विचारलेला प्रश्न, हाड बांधणाऱ्या पेशी कमी का पडतात हा, बाजूला पडला तरी संपला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या पेशी मुळात येतात कोठून, हे कळणे आवश्यक होते.

३. मूलपेशीचा शोध

हाड बांधणाऱ्या पेशींचे बीज मज्जेतच आहे, अशी शंका जुनी होती. १८६९ मध्ये गूजों या फ्रेंच संशोधकाने मज्जा हाडाबाहेर दुसऱ्या ठिकाणी रोवली असता तेथे हाड तयार होते असे दाखविले होते. तथापि हे हाड रोवलेल्या मज्जेतील पेशींनी बांधले की यजमान प्राण्याच्या पेशींनी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर मॉस्को येथील गमालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मज्जेच्या पेशींपासून होणाऱ्या अस्थिनिर्मितीचे प्रयोग होते. १९६८ मध्ये त्यांनी निर्णायक पाऊल टाकले. दाता आणि यजमान यांच्या पेशी वेगळ्या ओळखता येतील अशी योजना करून त्यांनी मज्जेचे प्रत्यारोपण केले. नव्या जागी हाडाची एक लहान कुपी तयार झाली आणि तिच्या पोकळीत रक्तनिर्मितीही सुरू झाली. तपासणीअंती हाड दात्याचे आणि रक्तपेशी यजमानाच्या, असे आढळले. म्हणजे मज्जेत दोन स्वतंत्र वंश आहेत : एक रक्ताचा, जो प्रवासी आहे, आणि दुसरा आधारक ऊतकाचा, जो जागेवर राहून घर बांधतो. त्याच वर्षी अमेरिकेत मेहदी तवस्सोली आणि विल्यम क्रॉस्बी यांनीही मज्जेचे तुकडे हाडाबाहेर रोवले. रोवलेल्या तुकड्यातील रक्तपेशी आधी नाश पावतात, उरलेल्या आधारक पेशींपासून प्रथम हाड घडते आणि त्यानंतर तेथे रक्तनिर्मिती पुन्हा सुरू होते, असा क्रम त्यांनी नोंदविला.

१९७० मध्ये फ्रीडेनश्टाइन गटाने गिनीपिगची मज्जा काचपात्रात संवर्धित केली. बहुतेक पेशी द्रवात तरंगत राहिल्या. अगदी थोड्या पात्राच्या तळाला चिकटल्या आणि प्रत्येकीभोवती तंतुजनक पेशींसारख्या पेशींची एकेक वसाहत वाढली. पात्रात घातलेल्या पेशींची संख्या दुप्पट केली की वसाहतीही दुप्पट होत. या सरळ प्रमाणावरून प्रत्येक वसाहत एकाच पेशीपासून उद्भवते हा निष्कर्ष निघाला. साधी गणती, परंतु तिने एका अदृश्य पेशीचे अस्तित्व सिद्ध केले. पुढे अशा वसाहती प्राण्यांत रोवून पाहण्यात आल्या, तेव्हा सर्वच नव्हे तर काही वसाहतींपासूनच हाड घडले. तळाला चिकटणारी प्रत्येक पेशी मूलपेशी नसते, हा धडा त्यातून मिळाला. पुढील काळात तो अनेकदा विसरला गेला.

ऑक्सफर्ड येथील मॉरीन ओवेन यांनी १९८० च्या दशकात या निरीक्षणांना सैद्धांतिक चौकट दिली. रक्ताच्या मूलपेशीपासून जसा शाखांचा वृक्ष काढता येतो, तद्वत आधारक ऊतकाचाही वृक्ष काढता येईल, असे त्यांनी सुचविले. या वृक्षाच्या एका फांदीवर अस्थिजनक पेशी होती, दुसरीवर कूर्चापेशी आणि तिसरीवर मेदपेशी. येथे प्रथमच मेदपेशी ही हाडाच्या पेशीची भावंड म्हणून वंशावळीत नोंदली गेली.

या पेशीला नाव कोणते द्यावे याचाही एक छोटा इतिहास आहे. अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये मध्यस्तरीय मूलपेशी या अर्थाची संज्ञा रूढ केली आणि ती जगभर पसरली. परंतु या नावाच्या आश्रयाने इतक्या निरनिराळ्या पेशी एकत्र आल्या आणि तिच्या आधारे इतक्या अप्रमाणित उपचारांचा व्यापार झाला, की २०१७ मध्ये स्वतः कॅप्लन यांनीच हे नाव बदलावे असे आवाहन केले. केवळ सांगाड्याच्या ऊतकांना जन्म देणाऱ्या पेशीस अस्थिपंजराची मूलपेशी म्हणावे, हा पक्ष आज अधिक सयुक्तिक मानला जातो.

४. तागडीचा सिद्धांत

इकडे रुग्णांच्या हाडांकडेही नव्याने पाहिले जात होते. फ्रान्समधील लियाँ येथे प्येर म्यूनिए आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये कमरेच्या हाडाच्या ८४ नमुन्यांचा संख्यात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. वयोमानानुसार मज्जेतील मेद वाढतो, आणि अस्थिसुषिरतेच्या रुग्णांत तो त्याहूनही अधिक असतो, असे त्यांना आढळले. पेशींच्या जागी मेद येतो, हे जे विधान पूर्वी नजरेच्या अंदाजाने केले जाई, त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला.

येथे एक सूक्ष्म मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. हाडाची पोकळी ही बंद जागा आहे. तिच्यात हाड कमी झाले तर अन्य काहीतरी वाढणारच. हा केवळ भूमितीचा परिणाम होय. यास्तव मेदाचे प्रमाण एकंदर हाडाच्या आकारमानाशी न जोडता मज्जेच्या आकारमानाशी जोडून पाहावे लागते. मज्जेतच मेदाचा वाटा वाढला असेल तर तो केवळ रिकामी जागा भरल्याचा परिणाम नव्हे. मज्जेतील पेशींच्या लोकसंख्येत खरोखरच बदल झालेला असतो. लियाँच्या अभ्यासाचे महत्त्व या दृष्टीने पाहावे. भर या जुन्या कल्पनेला त्याने पहिला तडा दिला.

प्रयोगशाळेतील आणि रुग्णालयातील हे दोन प्रवाह १९९० नंतर एकत्र आले. १९९२ मध्ये बेरेसफर्ड, बेनेट, ओवेन आणि इतर यांनी उंदराच्या मज्जेतील पेशी संवर्धित करून असे दाखविले, की संवर्धनाची स्थिती बदलली असता त्याच पेशीसमूहात एकदा अस्थिजनक पेशी वाढतात आणि एकदा मेदपेशी. एकीचे प्रमाण चढले की दुसरीचे उतरते. १९९९ मध्ये पिटेंजर आणि सहकाऱ्यांनी प्रौढ मनुष्याच्या मज्जेतून वेगळ्या केलेल्या एकेका पेशीच्या संततीपासून मेद, कूर्चा आणि हाड ही तिन्ही रूपे घडविता येतात हे सिद्ध केले.

दरम्यान या निवडीमागील रेणूंचा उलगडा झाला होता. १९९४ मध्ये टोंटोनॉझ, हू आणि स्पीगेलमन यांनी पीपार-गॅमा नावाचा एक ग्राही तंतुजनक पेशीत कार्यान्वित केला असता ती पेशी मेदपेशी बनते असे दाखविले. १९९७ मध्ये रंक्स-२ या जनुकाचे कार्य उघड झाले. जपानमधील कोमोरी यांच्या गटाने हे जनुक नष्ट केलेले उंदीर निर्माण केले. त्या उंदरांचा सांगाडा केवळ कूर्चेचा राहिला, त्यात हाड घडलेच नाही, आणि ते जन्मतःच मृत्यू पावले. अमेरिकेत कार्सेंटी यांच्या गटानेही त्याच वर्षी या जनुकाचे अस्थिजनक कार्य प्रस्थापित केले. याप्रमाणे मेदाचा एक सूत्रधार आणि हाडाचा एक सूत्रधार हाती आला. १९९९ मध्ये बेआटा लेका-चेर्निक आणि सहकाऱ्यांनी या दोघांमधील विरोध दाखविला : अस्थिजनक पेशीत पीपार-गॅमा कार्यान्वित केला की रंक्स-२ दबतो. २००४ मध्ये तोक्यो येथील अकुने आणि सहकाऱ्यांनी पीपार-गॅमा निम्मा केलेल्या उंदरांत मेद घटून हाडाचे प्रमाण वाढते असे नोंदविले.

चित्र आता पूर्ण झाले असे वाटले. तागडीच्या एका पारड्यात हाड, दुसऱ्यात मेद, आणि मध्यभागी मूलपेशी. वय वाढले, इस्ट्रोजेन घटले किंवा स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ दिली की तागडी मेदाकडे झुकते. अस्थिसुषिरता म्हणजे मज्जेतील एक प्रकारची स्थूलता होय, असेही म्हटले जाऊ लागले. सिद्धांत सुटसुटीत होता, त्याला प्रयोगांचा आधार होता, आणि त्यातून उपचाराची आशाही दिसत होती : मेद रोखा, हाड आपोआप वाढेल.

५. औषधाने घेतलेली परीक्षा

या सिद्धांताची एक परीक्षा अनपेक्षित ठिकाणी झाली. पीपार-गॅमा या ग्राहीला उत्तेजित करणारी औषधे मधुमेहासाठी वापरात आलेली होती. त्यांपैकी रोझिग्लिटाझोन हे औषध अमेरिकेत १९९९ मध्ये मान्य झाले. ऊतकांची इन्शुलिनविषयीची संवेदनशीलता ते वाढविते, म्हणून त्याचे स्वागत झाले. परंतु जो ग्राही मूलपेशीला मेदाकडे वळवितो, त्यालाच हे औषध चालना देते, ही गोष्ट ते मान्य होण्यापूर्वीच प्रयोगशाळांत ज्ञात होती.

२००६ च्या अखेरीस एका मोठ्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४,३६० मधुमेही रुग्णांवर सुमारे चार वर्षे तीन औषधांची तुलना करण्यात आली होती. चाचणीचा विषय रक्तशर्करेचा होता, हाडांचा नव्हता. तरीही स्त्रियांत अस्थिभंगाचे प्रमाण रोझिग्लिटाझोन घेणाऱ्यांत ९.३ टक्के, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ५.१ टक्के आणि ग्लायबुराइड घेणाऱ्यांत ३.५ टक्के आढळले. पुरुषांत असा फरक दिसला नाही. २००७ मध्ये या औषधवर्गाविषयी अस्थिभंगाच्या सूचना वैद्यांना देण्यात आल्या. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील एका चाचणीत निरोगी, रजोनिवृत्त स्त्रियांना हे औषध चौदा आठवडे दिले असता अस्थिनिर्मितीचे रक्तातील निदर्शक घटलेले आढळले. २०१० मध्ये युरोपात आणि भारतातही रोझिग्लिटाझोनची विक्री थांबविण्यात आली. मात्र ती हृदयविकाराच्या धोक्यामुळे, हाडांमुळे नव्हे. त्याच वर्गातील पायोग्लिटाझोन हे औषध भारतात २०१३ मध्ये अल्पकाळ रोखून पुन्हा सशर्त खुले करण्यात आले.

या प्रकरणाने तागडीचा सिद्धांत सिद्ध झाला काय? अंशतः झाला. मेदाच्या सूत्रधाराला चालना दिली की हाड कमजोर होते, हे मनुष्यात दिसून आले. पण हाड कमजोर होण्याचे कारण मेदपेशींची वाढ हेच होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. हा ग्राही अस्थिभंजक पेशींतही कार्य करतो. अस्थिजनक पेशीला तो स्वतंत्रपणे दाबतो. औषधाने एकाच वेळी अनेक दोऱ्या ओढल्या. त्यांपैकी कोणत्या दोरीने हाड खाली आले, हे नुसत्या निष्कर्षावरून सांगता येत नाही. प्रयोगशाळेतील ज्ञान रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचले नाही, हा या घटनेचा दुसरा आणि अधिक गंभीर धडा होय. धोक्याची शंका घेण्यास पुरेसा आधार असताना हाडांची तपासणी चाचणीच्या हेतूंत नव्हती; अस्थिभंग मोजले गेले ते अनुषंगाने.

६. तागडी डळमळते

पुढील काळात काही निरीक्षणे अशी पुढे आली, की ती तागडीच्या चित्रात बसेनात.

पहिले निरीक्षण उंदरांच्या जातींचे आहे. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या उंदरांत हाड भरपूर असते आणि मज्जेतील मेदही भरपूर असतो. दोन्ही पारडी एकदम जड असणे तागडीला शक्य नाही.

दुसरे निरीक्षण उपासमारीचे. मानसिक कारणाने अन्नत्याग करणाऱ्या रुग्ण तरुणींच्या शरीरावरील मेद जवळजवळ नाहीसा होतो. परंतु त्यांच्या मज्जेतील मेद मात्र वाढतो आणि हाड घटते. हे २००९ मध्ये बॉस्टन येथील अभ्यासात चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने मोजून दाखविण्यात आले. हाड आणि मज्जामेद यांचा व्यस्त संबंध येथेही दिसतो हे खरे. पण मज्जेतील मेद हा शरीरातील इतर मेदाच्या नियमांनी चालत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. मज्जेची स्थूलता हा शब्दप्रयोग त्यामुळे दिशाभूल करणारा ठरतो.

तिसरे निरीक्षण सर्वांत कठोर आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील इवानिएक आणि टर्नर यांनी ज्यांच्या मज्जेत मेदपेशी तयारच होत नाहीत अशा उत्परिवर्तित उंदरांचे अंडाशय काढून टाकले. हाडाची झीज मेदामुळे होत असेल, तर मेदच नसलेल्या या उंदरांचे हाड टिकावयास हवे होते. ते टिकले नाही. निदान या उंदरांपुरते तरी, इस्ट्रोजेनच्या अभावी होणाऱ्या अस्थिक्षयाला मज्जेतील मेदाची आवश्यकता नाही, असे त्यावरून ठरले.

चौथा मुद्दा मेदाच्या प्रकारांचा आहे. तवस्सोली यांनी १९७६ मध्येच रंजनाच्या तंत्राने मज्जेतील मेदपेशींचे स्थिर आणि अस्थिर असे दोन वर्ग सुचविले होते. ते विधान दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. २०१५ मध्ये शेलर आणि सहकाऱ्यांनी नव्या साधनांनी त्याचीच पुष्टी केली : हातापायांच्या टोकाकडील मेद बालपणीच स्थापित होतो व सहसा बदलत नाही, धडाजवळील मेद मात्र वय, आहार, थंडी यांनुसार कमीजास्त होतो. म्हणजे मेद वाढला असे म्हणताना कोणत्या हाडातील कोणता मेद, हे सांगणे अनिवार्य झाले.

तथापि तागडी मोडून टाकण्याइतका हा पुरावा नाही. हाँगकाँग येथे २००५ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाने केलेल्या अभ्यासांत मणक्यातील मज्जामेद निरोगी व्यक्तींपेक्षा अस्थिसुषिरतेच्या रुग्णांत अधिक आढळला होता. २००८ मध्ये अमेरिकेतील सय्यद, खोसला आणि इतर यांनी रजोनिवृत्त रुग्णांना एक वर्ष इस्ट्रोजेन दिले असता मज्जेतील मेदाची वाढ रोखली जाते असे दाखविले. सहसंबंध खरा आहे. प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे.

या सहसंबंधाचा अर्थ लावताना मोजमापाच्या साधनांचेही भान ठेवावे लागते. क्ष-किरणांच्या एकाच ऊर्जेवर चालणाऱ्या संगणकीय छेदचित्रणात मज्जेतील मेदामुळे हाडाची घनता असते त्याहून कमी दाखविली जाते. अशा साधनाने मेद आणि घनता यांचा व्यस्त संबंध मोजला, तर त्यातील काही भाग साधनाचाच असतो.

७. मेदाचे नवे रूप

गेल्या दहा-बारा वर्षांत प्रश्नाची मांडणीच पालटली आहे. २०१४ मध्ये शॉन मॉरिसन यांच्या गटाने उंदरांच्या मज्जेतील लेप्टिन-ग्राही असलेल्या पेशी शोधून, प्रौढ वयात तयार होणारे बरेचसे हाड आणि मेद त्यांच्यापासूनच येतात हे पेशींवर खूण करून दाखविले. संवर्धनपात्रातील निष्कर्ष प्रत्यक्ष प्राण्यात पडताळला गेला, हे त्याचे महत्त्व. समान पूर्वजाची कल्पना त्यामुळे अधिक बळकट झाली. त्याच वर्षी कॉथॉर्न आणि सहकाऱ्यांनी मज्जामेद हा ॲडिपोनेक्टिन या अंतःस्रावाचा एक उगम असल्याचे निदर्शनास आणले. निरोगी प्रौढाच्या एकूण मेदापैकी सुमारे दहावा हिस्सा मज्जेत असतो, हे लक्षात घेता त्याला निष्क्रिय भर म्हणणे यापुढे शक्य नाही.

२०२० मध्ये पेन्सिल्व्हेनिया येथील लिंग चिन यांच्या गटाने आणखी एक अनपेक्षित गोष्ट नोंदविली. मेदपेशींच्या वंशात मोडणाऱ्या, पण ज्यांत मेदाचा थेंबही साठलेला नाही अशा पेशींचे विस्तृत जाळे त्यांना मज्जेत आढळले. उंदरांतील या पेशी नष्ट केल्या असता हाड झपाट्याने वाढले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी त्यामागील एक कारण स्पष्ट केले : अस्थिभंजक पेशींना जन्म देणारा रँकएल नावाचा संकेत या पेशी मोठ्या प्रमाणात पाठवितात.

याचा अर्थ असा, की मेदाचा वंश हाडाला बाधक ठरतो तो केवळ मूलपेशी आपल्याकडे ओढून नव्हे, तर हाड पोखरणाऱ्या पेशींना चिथावूनही. आणि हे काम करणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पोकळीसारख्या दिसणाऱ्या मेदपेशी नसून त्यांचे मेदहीन पूर्वरूप आहे. १८६८ पासून जे डोळ्यांना दिसत होते ते मेदाचे थेंब होते. ज्याचा हाडावर परिणाम होतो ते, निदान काही अंशी, दिसतच नव्हते. मेद आणि झीज यांचा सहसंबंध खरा असूनही मेद हटवून झीज का थांबत नाही, या कोड्याच्या उकलीची एक दिशा येथे सापडते. मात्र हे निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरील आहेत. उंदराच्या हाडातील मेद मनुष्याच्या मानाने फार थोडा असतो, ही मर्यादा विसरता कामा नये.

८. समारोप

अस्थिसुषिरतेवर आज जी प्रमुख औषधे वापरली जातात, ती एकतर अस्थिभंजक पेशींना आवरतात किंवा अस्थिजनक पेशींना चालना देतात. मज्जेतील मेद हेच लक्ष्य धरून मान्य झालेले औषध अद्याप नाही. १९९० नंतरच्या उत्साहाच्या काळात वाटले होते त्या मानाने हे फलित लहान दिसेल. परंतु या इतिहासाचे मोल केवळ औषधाने मोजणे योग्य होणार नाही.

नॉयमनच्या नियमापासून म्यूनिएच्या गणतीपर्यंत मेद हा परिणाम मानला गेला. ओवेन यांच्या वंशावळीपासून पीपार-गॅमाच्या प्रयोगांपर्यंत तो प्रतिस्पर्धी मानला गेला. आणि आज त्याच्या वंशातील कोणती पेशी, कोणत्या हाडात, कोणत्या अवस्थेत, कोणता संकेत देते, असा प्रश्न विचारला जात आहे. प्रत्येक टप्प्यावर पुढचे पाऊल पडले ते नव्या उपमेमुळे नव्हे, तर जुन्या उपमेला अडचणीत आणणाऱ्या एखाद्या प्रयोगामुळे. दाता आणि यजमान वेगळे ओळखणारे प्रत्यारोपण, पेशी दुप्पट करून वसाहती मोजणे, मेदहीन उंदरांचे अंडाशय काढून हाडाची वाट पाहणे, हे ते प्रयोग होत. त्यांत विलक्षण उपकरणे नव्हती. प्रश्न मात्र असा घातला होता, की उत्तर होय किंवा नाही असेच यावे.

मज्जेच्या छेदात हाड आणि मेद शेजारी शेजारी पाहणाऱ्या अभ्यासकाने या इतिहासातून एवढे तरी घ्यावे. शेजार हा कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. पण तो नगण्यही नव्हे. त्याला पुरावा म्हणून स्वीकारण्याची घाई जितकी घातक, तितकेच त्याला भर समजून शंभर वर्षे दुर्लक्षिणेही घातक ठरले आहे. या दोन्ही चुकांची किंमत प्रयोगशाळेबाहेर, मोडलेल्या हाडांच्या रूपाने, रुग्णांना द्यावी लागते.